कुरणांतील जाळरेषा

माळावरचें गवत पेटलेलें ज्यानें कधीं पाहिलें नाहीं, असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. वणवा कसा विझवावा याविषयीं गांवोगांव पुष्कळ बोललें जातें. परंतु वणवा लागण्याच्या तीन-चार महिने आधीं जें काम होऊन गेलेलें असावें लागतें, त्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. त्या कामास जाळरेषा पाडणें असें म्हणतात. कुरणाच्या कडेनें किंवा मधून गवताचा एक लांबच लांब पट्टा कापून, जाळून अथवा नांगरून मोकळा करावयाचा, म्हणजे आगीस पुढें जावयास खाद्य मिळत नाहीं, एवढीच ही कल्पना. कल्पना सोपी आहे, आणि म्हणूनच ती फसवी आहे. रेषा पाडणें हें एका वर्षाचें काम. ती राखणें हें दरवर्षाचें. प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यत्वें रेषा राखण्याचाच विचार करणार आहों.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्याचें कारण फारसें भूषणावह नाहीं. बोर्डिंगच्या गाईंसाठीं राखलेलें टेकडीवरील कुरण कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालीं होतें. पहिल्या वर्षीं मुलांस बरोबर घेऊन आम्हीं त्याच्या सभोंवतीं दहा हात रुंदीची रेषा पाडली, आणि ती इतकी नीटनेटकी झाली कीं, पाहुण्यांस मुद्दाम नेऊन आम्ही ती दाखवीत असूं. दुसऱ्या वर्षीं पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर परीक्षेचे पेपर तपासावयास आले, मग नाताळ आला, मग स्नेहसंमेलन आलें. रेषा आहेच, असें आम्ही मनाशीं म्हणत राहिलों. फेब्रुवारींत एके दिवशीं दुपारीं रस्त्याच्या बाजूनें आग आली, आणि रेषा जणूं तेथें नव्हतीच अशा रीतीनें ती पार होऊन गेली. मनुष्यास किंवा गुरास इजा झाली नाहीं. परंतु पावसाळ्यापर्यंतची वैरण विकत घ्यावी लागली, ती पुरी पडली नाहीं, आणि अखेर दोन गाई विकाव्या लागल्या. गुराख्यानें आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं, तें अधिक लागलें. आपलें नक्की काय चुकलें हें समजून घ्यावें म्हणून, जेथें हें काम फार मोठ्या प्रमाणावर चालत आलें आहे अशा एका प्रदेशाची माहिती आम्हीं त्यानंतर वाचावयास घेतली.

तो प्रदेश म्हणजे अमेरिकेंतील टेक्सस राज्याचा अगदीं उत्तरेकडील भाग. नकाशांत तो तव्याच्या दांड्यासारखा वर आलेला दिसतो, म्हणून त्यास 'पॅनहॅन्डल' असें म्हणतात. जमीन पुष्कळशी सपाट, झाडें थोडीं, आणि वाऱ्यास अडथळा असा जवळजवळ नाहींच. गुरांच्या विस्तीर्ण खाजगी कुरणास तिकडे 'रँच' म्हणतात. उन्हाळ्यांतील पावसावर गवत वाढतें, आणि पुढें हिंव पडूं लागलें कीं तें उभ्या उभ्या वाळतें. तें बहुतेक कोणी कापीत नाहीं. गुरें हिंवाळाभर तेंच वाळलेलें गवत चरून राहतात. म्हणजे सबंध रान ही एक उभी गंजीच होय. जी गुरांची शिदोरी, तेंच आगीचें सरपण. आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे नवें हिरवें गवत फुटण्यापूर्वींच्या दिवसांत, तेथें सोसाट्याचे कोरडे वारे सुटतात.

या प्रदेशांतील सर्वांत नांवाजलेल्या रँचचा जन्महि एका इमारतीच्या पायीं झाला, ही गोष्ट मौजेची आहे. ऑस्टिन येथें राज्यासाठीं नवें विधिमंडळ-भवन बांधावें म्हणून टेक्सस सरकारनें १८७९ सालीं पॅनहॅन्डलमधील सुमारें ३० लाख एकर जमीन बाजूस काढून ठेविली. सरकारजवळ रोकड बेताची, पण जमीन अलोट होती. १८८१ च्या नोव्हेंबरांत जुनी इमारत आगींत भस्म झाली, आणि मग घाई झाली. शिकागो येथील कांहीं भांडवलवाल्यांनीं जमिनीच्या मोबदल्यांत नवी इमारत बांधून दिली. ती १८८८ सालीं पुरी झाली. त्यांनीं आपल्या वांट्यास आलेल्या जमिनीवर १८८५ सालीं गुरें आणून जी रँच सुरू केली, तीच 'एक्स. आय. टी.' रँच होय. ती दहा जिल्ह्यांत पसरलेली होती. तिची उत्तर-दक्षिण लांबी २०० मैलांच्या वर होती, आणि भरभराटीच्या काळीं तिजवर सुमारें दीड लाख गुरें चरत असत. एवढ्या रानांत आग लागण्यास कारणें कितीशीं हवीं? वीज पडे, आगगाडीच्या इंजिनांतून ठिणग्या उडत, वाटसरूंची चूल नीट विझलेली नसे, आणि कधीं कधीं वैरानें मुद्दाम गवत पेटविण्यांत येई. १८८४ सालीं टेक्ससच्या विधिमंडळानें जो कायदा केला त्यांत दुसऱ्याच्या कुरणाचें तारेचें कुंपण तोडणारास एक ते पांच वर्षें तुरुंगवास सांगितला, आणि हेतुपुरस्सर कुरण जाळणारास दोन ते पांच वर्षें. कुंपणापेक्षां गवत अधिक मोलाचें, हें त्या कायदेमंडळास पक्कें ठाऊक होतें.

त्या काळीं मोठमोठ्या रँचवर जाळरेषा पाडण्याची रीत अशी होती. प्रथम नांगरानें कांहीं तासें लगत लगत घालावयाचीं. मग पन्नास ते शंभर फूट जागा सोडून त्यांस समांतर अशीं आणखी कांहीं तासें घालावयाचीं. आणि नंतर वारा पडलेला दिवस पाहून दोहोंमधील गवत पेटवून द्यावयाचें. दोन्ही बाजूंस माणसें ओलीं पोतीं घेऊन उभीं असत. येथें वाचकांनीं क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नांगरट ही रेषा नव्हे. पांचसहा फुटांची नांगरट सोसाट्याच्या वाऱ्यांतील आग सहज ओलांडून जाते, कारण तेथें ज्वाळा उभ्या न राहतां पुढें आडव्या पडतात. मधला पट्टा बेताबातानें जाळतां यावा म्हणून घातलेली ती नुसती कड होय. खरी रेषा म्हणजे मधला काळा पट्टा. आणि काळा पट्टा किती दिवस काळा राहणार? गवताचीं मुळें जमिनींत जिवंतच असतात. पुढल्या पावसांत तो हिरवा होतो, पुढल्या हिंवांत वाळतो, आणि गतवर्षीची रेषा यंदा इतर रानासारखेंच रान होऊन बसते. आमच्या टेकडीवर नेमकें हेंच झालें होतें. आम्ही रेषेच्या खुणेवर विसंबलों. आग खुणा पाहत नाहीं.

दुसरा एक गैरसमज असा कीं, रेषा ही भिंतीसारखी आहे, आग तिजवर आदळते आणि थांबते. मंद वाऱ्यांत, तोकड्या गवतांत असें होतें खरें. परंतु मोठ्या आगीच्या वेळीं रेषेचा उपयोग निराळा असतो. ती उभें राहण्याची जागा होय. धांवत येणाऱ्या आगीच्या तोंडासमोर गवतांत उभें राहून कोणासहि कांहीं करतां येत नाहीं. रेषेवर मात्र माणूस उभा राहूं शकतो, आणि तेथून आगीच्या बाजूचें गवत स्वतः पेटवूं शकतो. ही उलटी आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकत जाते. दोन्ही आगी मध्यें भेटतात आणि खाद्य संपल्यामुळें विझतात. पूर्वींचे गुराखी आगीच्या बाजवांवरहि असेच तुटून पडत. जवळ पाणी नसे, म्हणून एखादा बैल मारून, उभा चिरून, त्याची फांक दोरांनीं दोन घोड्यांच्या खोगिरांस बांधीत; एक स्वार जळालेल्या अंगास आणि दुसरा न जळालेल्या अंगास, असे दोघे आगीच्या ओळीवरून ती ओली फांक ओढीत नेत. चार गुरें वांचविण्यासाठीं एक गुरूं आपल्या हातांनीं मारावें लागे. ज्यानें शरदांत रेषा राखली त्यास वसंतांत हें करावयाची पाळी कमी येत असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां वर्षभरांत रेषा कशी बिघडते तें पाहूं. कारण राखणें म्हणजे हा बिघाड वेळींच काढून टाकणें. गवत पुन्हा वाढतें हें सांगितलेंच. त्याखेरीज पॅनहॅन्डलमध्यें एक विलक्षण उपद्रव आहे. 'टंबलवीड' नांवाचें एक गोलाकार झुडूप वाळलें कीं बुडाशीं तुटतें, आणि वाऱ्याबरोबर मैलोगणती गडगडत जातें. तें मूळचें रशियाकडील. १८७० च्या दशकांत जवसाच्या बियांत मिसळून तें डकोटा प्रांतांत आलें, आणि तेथून पश्चिमेकडील सर्व मैदानांत पसरलें. नांगरलेली उघडी जमीन त्यास फार मानवते, म्हणजे रेषेवरच तें उगवतें. शिवाय गडगडत आलेलीं झुडुपें कुंपणाशीं अडकून त्यांचे ढीग लागतात. आणि पेटलें असतां तेंच झुडूप चाकासारखें गडगडत रेषेपलीकडे जातें. म्हणून हिंवाळ्यांत एकदां तरी रेषेवरून आणि लगतच्या कुंपणावरून फिरून हे ढीग काढून टाकावे लागतात.

शेणाची गोष्ट आपल्या मुलांस सांगावयास नकोच. गुरें मोकळ्या पट्ट्यावर बसावयास येतात, आणि वाळलेली गोवरी एकदां पेटली कीं, वर राख दिसली तरी आंत दिवस दिवस धुमसत राहते. रेषेच्या कडेच्या अशा गोवऱ्या सायंकाळीं विझल्यासारख्या वाटतात, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं वारा सुटला कीं त्यांच्या ठिणग्या पलीकडे जातात.

झाडांविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. १९८६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत शास्त्रज्ञांनीं मुद्दाम गवत पेटवून आगीचे पुष्कळ प्रयोग केले, आणि निरनिराळ्या रुंदीच्या रेषा आग केव्हां ओलांडते याची नोंद ठेविली. त्यांत असें दिसून आलें कीं, रेषेपासून वीस मीटरांच्या आंत झाडें असलीं म्हणजे तीच आग तीच रेषा कितीतरी अधिक सहजपणें ओलांडते. कारण उघड आहे. गवताची ठिणगी हलकी, ती पडेपर्यंत बहुधा विझते. परंतु सालीचा किंवा फांदीचा पेटलेला तुकडा जळत जळत पलीकडे जाऊन पडतो. टेक्ससमध्यें 'ज्यूनिपर' नांवाचें सदाहरित, तेलकट पानांचें झाड कुरणांत फार माजलें आहे, आणि तें पेटलें म्हणजे मशालीसारखें भडकतें. तेथील लबक शहरांतील विद्यापीठांत हेन्री राइट या अध्यापकांनीं अशा रानासाठीं ५०० फूट रुंदीचे काळे पट्टे सांगितले; नुसत्या गवताच्या रानांत त्याच्या पांचव्या हिश्श्यावर भागतें. रेषेजवळचें एक झुडूप वेळींच तोडलें तर रेषेची किती रुंदी वांचते, हें यावरून कळून येईल.

येथें कोणी म्हणेल, मग सरळ वर्षांतून चार वेळां नांगरून जमीन उघडी ठेवावी, झालें! पॅनहॅन्डलच्या लोकांस हा उपाय सहज पटत नाहीं, आणि त्यास कारण आहे. १९३० च्या दशकांत अवर्षण पडलें, तेव्हां गहूं पेरण्यासाठीं नांगरून काढलेल्या तेथील जमिनीची माती वाऱ्यानें आकाशांत गेली. १४ एप्रिल १९३५ या रविवारीं धुळीच्या लोटानें भर दिवसा इतका अंधार पडला कीं, त्या दिवसास 'काळा रविवार' हें नांव पडलें. उघडी जमीन ही तेथें आगीइतकीच भयाची वस्तु आहे. उतारावर नांगरलेली रेषा पाण्यानेंहि वाहून जाते. एका पावसाळ्यांत तिची घळ होते, आणि मग तेथें ना गाडी जाते ना नांगर. म्हणून हल्लीं जेथें साधेल तेथें निराळ्या युक्त्या करतात. कोठें रेषेच्या जागीं हिंवाळी गहूं पेरतात, कारण फेब्रुवारी-मार्चमध्यें सारें रान वाळलेलें असतांना तो हिरवागार असतो. कोठें पट्ट्यास कुंपण घालून त्यांत गुरें दाट कोंडतात, म्हणजे गवत आपोआप तोकडें होतें. गवत कापण्याच्या यंत्रानेंहि पट्टा करतात. मात्र कापलेलें गवत तेथेंच पडूं दिलें तर श्रम फुकट जातात, कारण उभें गवत आडवें झालें एवढाच फरक होतो. तें गोळा करून हलविलेंच पाहिजे. या चुकीस आम्हीहि अपरिचित नाहीं.

सातवीच्या मुलांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. रेषा १०० फूट रुंद धरली, तर एक मैल लांबीस ५,२८,००० चौरस फूट, म्हणजे सुमारें १२ एकर जमीन लागते. ज्याचें कुरण एक मैल चौरस, म्हणजे ६४० एकर आहे, त्यास चार मैल रेषा हवी. त्यांत त्याची शेंकडा साडेसात जमीन जाते. ज्याचें कुरण दहा मैल चौरस आहे त्यास चाळीस मैल रेषा लागेल. परंतु त्याची जमीन ६४,००० एकर, म्हणून त्याचें शेंकडा पाऊणच एकर गुंतले. ओझें लहान मालकावर दसपट पडतें. यास उपाय एकच: सामाईक बांधावरील रेषा शेजाऱ्यांनीं मिळून राखावी, म्हणजे एकच रेषा दोघांच्या उपयोगीं पडते. टेक्ससच्या एडवर्ड्स पठारावर १९९७ सालीं शेतकऱ्यांनीं अशा कामासाठीं आपली एक संघटनाच काढली; तींत एकमेकांच्या रानांत माणसें आणि अवजारें घेऊन जातात आणि एकमेकांचीं रानें ठरवून जाळून देतात.

'ठरवून जाळून देतात' हे शब्द वाचून वाचक दचकले असतील. परंतु गवताच्या त्या मैदानांस आग नवी नव्हे. गोरे लोक येण्यापूर्वीं विजेनें आणि तेथील मूळच्या रहिवाशांच्या हातून तीं वारंवार पेटत, आणि त्यामुळेंच ज्यूनिपरचीं रोपें लहानपणींच मरत. आग अजीबात बंद केल्यावर झाडोरा माजला, गवत कमी झालें, आणि पुढें लागणारी आग अधिक भयंकर झाली. म्हणून हल्लीं रेषेचें काम केवळ आगीस बाहेर ठेवण्याचें नाहीं. आपल्या सोयीच्या दिवशीं, मंद वाऱ्यांत, चोहोंकडून बंदिस्त करून तीस आंत घेण्याचेंहि आहे. राइट यांच्या रीतींत काळा पट्टा जाळावयाचा तो हवेंत दमटपणा शेंकडा ४० ते ६० असतांना. तो तयार झाला कीं मग कोरड्या दिवशीं मधलें रान पेटवावयाचें.

इतकें सर्व केलें म्हणजे निश्चिंत व्हावें काय? २०२४ सालची हकीकत ऐकावी. २६ फेब्रुवारी रोजीं पॅनहॅन्डलमधील स्टिनेट गांवाजवळ विजेच्या तारांचा एक कुजलेला खांब वाऱ्यानें मोडला आणि गवत पेटलें. या आगीस 'स्मोकहाऊस क्रीक' असें नांव मिळालें. नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें ती अरुंद, लांबच लांब पट्टीसारखी पूर्वेकडे धांवली आणि शेजारच्या ओक्लाहोमा राज्यांत शिरली. दुसऱ्या दिवशीं थंड हवेची लाट आली, वारा उत्तरेचा झाला, आणि मैलोगणती लांबीची जी दक्षिण बाजू आतांपर्यंत मंदपणें जळत होती तीच एकाएकीं आगीचें तोंड होऊन खालीं सरकूं लागली. ज्यांनीं पश्चिमेकडे तोंड करून पहारा केला त्यांच्या उत्तरेकडून आग आली. तिनें हमरस्ते ओलांडले. रेषांची काय कथा! २९ तारखेस थोडें बर्फ पडलें तेव्हां जरा उसंत मिळाली. एकंदर १०,५८,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळालें. टेक्ससच्या नोंदलेल्या इतिहासांतील ही सर्वांत मोठी आग होय. दोन रहिवासी मरण पावले, गुरें हजारोंनीं मेलीं, आणि जीं वांचलीं त्यांस उभें राहावयास कुंपण नाहीं व खावयास गवत नाहीं अशी स्थिति झाली. दूरदूरच्या राज्यांतून शेतकऱ्यांनीं गवताचे भारे मोटारींनीं पाठविले.

अशा दिवशीं कोणतीहि रेषा आगीचें तोंड अडवूं शकत नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यावरून रेषा व्यर्थ ठरत नाहीं. आगीस तोंड असतें तशा बाजवा आणि पाठहि असते; तेथें ज्वाळा लहान असतात, आणि तेथें रेषा टिकते. वारा फिरण्यापूर्वीं जितकी दक्षिण बाजू विझली असेल तितकी आग दुसऱ्या दिवशीं कमी. घराभोंवतीं, गोठ्याभोंवतीं आणि पाणवठ्याभोंवतीं आंखूड गवताचा पट्टा असेल तर फाटक उघडून गुरें तेथें हांकतां येतात. हें सर्व त्या सकाळीं करावयास वेळ नसतो. तें ऑक्टोबरांत झालेलें असावें लागतें, आणि डिसेंबरांत पुन्हा पाहिलेलें असावें लागतें.

आमच्याकडे हिंव पडून गवत वाळत नाहीं. पाऊस सरला कीं उन्हानें वाळतें, आणि दिवाळी होईतों तें विळ्यास येतें. म्हणून आम्हीं आतां टेकडीवरील कामाची वेळ बदलली आहे. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या दोन शनिवारीं दहावीखालच्या मुलांनीं दोन्ही कडांचें गवत कापून आंतल्या बाजूस टाकावयाचें. तें वाळलें म्हणजे वनखात्याच्या माणसास कळवून, सकाळीं दंव असतांनाच मधला पट्टा जाळावयाचा. आणि जानेवारीच्या अखेरीस गुराख्यासह एक फेरी घालून गोवऱ्या व पालापाचोळा काढावयाचा. गेल्या खेपेच्या फेरींत त्यानें पूर्वेकडील बांधावरच्या तीन बाभळी दाखविल्या. त्यांच्या वाळक्या फांद्या रेषेवर आल्या आहेत. बांध शेजारच्या मालकाचा आहे. त्यांच्याकडे आम्ही दोनदां जाऊन आलों; शेंगा बकऱ्यांस होतात म्हणून ते झाडें तोडूं देत नाहींत, पण फांद्या छाटावयास हरकत नाहीं असें म्हणाले आहेत. कोयत्यास दांडा बसवून ठेविला आहे.